तेरा लाल टाचण्या

एल्थम, तारानाकी
२४ ऑक्टोबर, सकाळचे साडेदहा

प्रिय कर्स्टी,

तुझं पत्र येऊन सात दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर केला म्हणून रागावू नकोस. तुझ्या बापाने आयुष्यात एकंदर तीन पत्रं लिहिली, त्यातली दोन कौन्सिलला, रस्त्याकडेच्या गटाराबद्दल. परवा फोनवर तू हसत होतीस, पिपाचा पडलेला दात आणि तिने तो कुत्र्याच्या पाण्यात कसा टाकला ते सांगत होतीस, आणि मग त्याच आवाजात म्हणालीस की बारा नोव्हेंबरला वकिलाकडे जायचं ठरलंय, कागद तयार आहेत, पिपा कायमची तिच्या बापाकडे, डीऑनकडे राहील. ‘मी बऱ्या मनाने ठरवलंय, बाबा. तिला माझ्यापासून वाचवायचं तर हेच करायला हवं.’ आणि मी म्हणालो, ‘बरं.’ मग आपण गवताबद्दल बोललो. पोटच्या पोरीने सांगितलं की मी माझं लेकरू देऊन टाकते आहे, आणि मी तिला सांगितलं की यंदा वरच्या पॅडॉकमध्ये गवत जोरात आहे! ते ‘बरं’ तेव्हापासून घशात अडकून बसलंय. म्हणून सकाळच्या धारा आटोपून, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात लिहायला बसलोय. तुझी आई असती तर फरशीकडे बघून एकदा खाकरली असती.

इकडची खुशाली सांगतो, म्हणजे हात जरा सैल होईल. नऊ दिवस पाऊस आहे आणि नऊ दिवस डोंगराचं तोंड दिसलेलं नाही. आपल्या टेस कुत्रीच्या पंजात काटा गेला होता, आता बरी आहे, पण लंगडल्यावर बिस्किट मिळतं हे कळल्यामुळे अजून लंगडते. एकशे चौदा नंबरची गाय, जिला तू नोलीन आत्याचं नाव दिलं होतंस, तिच्या नातीला परवा वासरू झालं, आणि तीही तशीच दारात उभी राहून सगळ्यांची वाट अडवते. मिरियामाचं उत्तम चाललंय. तुला ठाऊक आहे, तुझी आई गेल्यावर मी तिला निम्म्या कळपाची भागीदार करून घेतलं, आणि आता ती मलाच नोकरासारखं वागवते. तिच्या हातचे स्कोन तुझ्या आईच्या स्कोनपेक्षा चांगले होतात. हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही, तूही बोलू नकोस.

सध्या गाई भरवायचे, रेतनाचे दिवस आहेत. तू लहान असताना रंगाचा डबा घेऊन माझ्यामागे उभी राहायचीस आणि मी एकेका गाईच्या शेपटीच्या बुडाशी रंगाचा पट्टा ओढायचो, आठवतं? दुसऱ्या दिवशी बाकीच्या गाई अंगावर चढून जिचा पट्टा पुसलेला असायचा तिच्याकडे बोट दाखवून तू साऱ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायचीस, ‘बाबा, ही माजावर आली!’ मग मी डायरीत नंबर टिपायचो आणि भिंतीवरच्या गोल पाटीवर त्या गाईची टाचणी सरकवायचो. पाटीच्या कडेने वर्षाचे सगळे दिवस, आणि दर गाईची एक टाचणी. कोणती कधी माजावर आली, पुन्हा कधी येईल, कधी विणार, सगळं एका नजरेत. एकवीस दिवसांचा फेरा. दोनशे गाईंचा फेरा तुझ्या बापाला तोंडपाठ होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. हे सांगतोय ते उगाच नाही, पुढे लागणार आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खालच्या पॅडॉकमधला पाण्याचा पाइप फुटला. जमीन अशी भिजलेली, की फुटला कुठे ते कळेना. पाइप मीच पुरलेला, पण तीस वर्षांपूर्वी. मिरियामा म्हणाली, ‘म्हाताऱ्या, तू शिंक आली तरी डायरीत लिहितोस, पाइप लिहिला नसशील होय?’ म्हणून माळ्यावरून जुन्या डायऱ्या भरलेली केळ्यांची खोकी उतरवली. तुझ्या आठव्या वर्षाची डायरी सापडली. माझा चष्मा शेडमध्ये राहिला होता, म्हणून मिरियामा वाचायला बसली आणि मी चहा ठेवला. ती मोठ्याने वाचत होती. एकशे सहा माजावर. चाळीस मिलिमीटर पाऊस. बावन्न लंगडते. ग्लेनिस बरी नाही. दुधाचा टँकर उशिरा आला. ग्लेनिस बरी नाही. पाइप काही येईना. चारेक महिने वाचून झाल्यावर ती पानं मागेपुढे करायला लागली. मी विचारलं, सापडला का? ती म्हणाली, ‘डेस, तुझी बायको दर किती दिवसांनी आजारी पडायची?’ मी म्हणालो, मधूनमधून. ती म्हणाली, ‘मधूनमधून नाही. जरा ती जुनी पाटी काढ.’

जुनी पाटी शेडमध्ये पिंपामागे पडली होती. मिरियामाने ती पुसली, मांडीवर घेतली, आणि त्या वर्षात जिथे जिथे ‘ग्लेनिस बरी नाही’ला सुरुवात होते त्या तारखेला एकेक लाल टाचणी लावत गेली. मी शेजारी उभा राहून तारखा वाचत होतो, चष्मा घालून. सहाव्या टाचणीपाशी मला कळलं होतं. तरी आम्ही डिसेंबरपर्यंत गेलो. कर्स्टी, तेरा टाचण्या झाल्या. घड्याळावर आकडे असतात तशा, सारख्या अंतरावर, गोल. एखादी दिवसभर पुढे, एखादी मागे. मिरियामाने बोटांनी अंतर मोजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘अठ्ठावीस. गाय असती तर तू दुसऱ्याच महिन्यात ओळखलं असतंस.’ मी बाहेर जाऊन नसलेलं काम करत बसलो. पाइप शेवटी टेसने शोधला, ती त्या डबक्यात लोळत होती.

आता मला जे लिहायचंय त्यात एक शब्द आहे जो मी तुझ्यासमोर कधी उच्चारलेला नाही. गाईच्या माजाबद्दल मी रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबांशी तासभर बोलू शकतो, पण बायकांची पाळी म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तुझी पहिली पाळी आली तेव्हा तू आत्याकडे होतीस, आणि तिने फोनवर सांगितल्यावर मी ‘बरं’ म्हणालो होतो. तेच ते माझं ‘बरं’. पण आता लिहितो. तुझ्या आईचे ते दिवस, ज्यात ती आधी स्वयंपाकघराची फरशी चार-चारदा पुसायची, मग कशावरून तरी भडकायची, मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची आणि म्हणायची की मी नसले तर तुम्ही दोघं सुखात राहाल, ते सगळे दिवस पाळीच्या आधीचे होते. पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी ती उठायची, केस धुवायची आणि पॅनवर पिकलेटचे छोटे गोड घावन घालायची. तू म्हणायचीस, ‘आई परत आली.’ लेकराला दिसत होतं. मला दिसत नव्हतं, असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. पण तेही खरं नाही, कारण मला सांगितलं गेलं होतं.

हीच गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. त्याच वर्षी, असाच ऑक्टोबर, असेच गाई भरवायचे दिवस. सकाळच्या धारा झाल्या होत्या, मर्व्ह गाईंचं कृत्रिम रेतन करायला आला होता, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एका गाईमागे उभा. आणि ग्लेनिस स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर हातात घेऊन शेडमध्ये आली. तिने चार महिने त्यावर बारीक फुल्या मारल्या होत्या. हळू आवाजात म्हणाली, ‘डेस, हे बघ. दर वेळी पाळीच्या आधी आठ-नऊ दिवस. आली की मी माणसात येते. पण त्या दिवसांत मला लिहायचंसुद्धा भान राहत नाही, निम्म्या फुल्या मी मागाहून आठवून मारल्यात. तू गाईंचं रोज लिहितोस ना, तसं माझंही लिही. डॉक्टर माझं ऐकत नाहीत, तुझ्या डायरीवर विश्वास ठेवतील.’ कर्स्टी, ती नीट बोलत होती, तिच्या बऱ्या दिवसांपैकी एक दिवस होता. आणि मर्व्ह ऐकत होता. गावभर फिरणारा माणूस, घराघरात जाणारा. मला लाज वाटली. बायकोची नाही, त्या शब्दाची. म्हणून मी हसत म्हणालो, ‘मग तुझ्याही शेपटीला पट्टा ओढू का?’

मर्व्ह असा हसला की गाय बुजली. ग्लेनिसने कॅलेंडरची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. म्हणाली, ‘नको. रंग वाया जाईल.’ आणि गेली. दुपारी चहाला आलो तेव्हा भिंतीवर खिळा तेवढा होता. कॅलेंडर तिने चुलीत घातलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत तिने मला त्याबद्दल एक अक्षरही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गंमत बघ, लिहायचं तर मी लिहीतच होतो. आधीही आणि नंतरही. पण तिच्यासाठी नव्हे. ती उठली नाही की धारा मला एकट्याला काढाव्या लागायच्या, म्हणून ‘ग्लेनिस बरी नाही’. कामाला माणूस कमी, एवढाच त्याचा अर्थ. तिने जे मागितलं होतं ते सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच माळ्यावर, केळ्यांच्या खोक्यात पडून होतं.

आता समुद्राचं. तू ते पिपाला नेहमी सहल म्हणून सांगतेस. आईने तुला मधल्या सुट्टीतच शाळेतून उचललं, ओपुनाकेला नेलं, काळ्या वाळूत गाडी उभी केली, कागदातले मासे आणि चिप्स घेऊन दिले आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघी गाडीत बसून लाटा बघितल्या. तू म्हणतेस की त्या दिवशी आई एकदाही रागावली नाही, तो लहानपणीचा सगळ्यात छान दिवस. मी तुझी ती आठवण कधी मोडली नाही, आणि आजही मोडली नसती, पण तुझ्या पत्रात तू लिहिलंस की सप्टेंबरमध्ये तू पिपाला मागच्या सीटवर बसवून बंदराच्या धक्क्यावर गेलीस, इंजिन बंद केलंस, आणि दोन तास तुला किल्लीला हात लावायची भीती वाटत होती. म्हणून सांगावं लागतंय. तो सहलीचा दिवस नव्हता, बाळ. संध्याकाळी घरी आल्यावर तुला आंघोळीला पाठवून ती मला म्हणाली, ‘आज मी परत आले. पुढच्या वेळचं मला माहीत नाही. तिला माझ्याजवळ ठेवू नकोस.’ आदल्या महिन्यात कॅलेंडर जाळलेलं होतं. मी ‘बरं’ म्हणालो आणि डायरीत लिहिलं, ‘ग्लेनिस बरी नाही. कर्स्टीला नोलीनकडे ठेवावं का.’ आणि ख्रिसमस उरकल्यावर तुझं दप्तर, तुझी उशी आणि तू, अशी मी हावेराला आत्याच्या दारात सोडली. चार वर्षांसाठी.

तू एकदा, चौदा वर्षांची असताना, तुझ्या आईच्या तोंडावर म्हणालीस की तुला मी नकोच होते. ती काही बोलली नाही. मीही मूग गिळून बसलो. आता ऐक. त्या चार वर्षांत ती दर महिन्याला पाळी येऊन गेल्यावर दोन आठवडे तुला भेटायला येत होती की नाही? हातात लेमन हनीची बाटली, केस धुतलेले. आणि मग एकदम येणं बंद, फोनही नाही. तू खिडकीत बसायचीस, आत्या सांगायची, आई कामात आहे. ती कामात नव्हती. ती तुला तिच्यापासून वाचवत होती. परवा फोनवर तू म्हणालीस ना, तंतोतंत तेच. माझी बायको आणि माझी मुलगी तीस वर्षांच्या अंतराने एकच वाक्य बोलल्या आणि दोन्ही वेळा मी ‘बरं’ म्हणालो. त्या शेडमध्ये मी गप्प राहून नुसती पेन्सिल उचलली असती, तर महिन्यातले आठ-नऊ दिवस तुला आत्याकडे ठेवून भागलं असतं. बाकीचे सगळे दिवस तू तुझ्या घरी असतीस. मी तुझी चार वर्षं घालवली, कर्स्टी, एका विनोदासाठी. तो धड विनोदही नव्हता.

तिला एकदा हॉस्पिटलात ठेवलं होतं, तू आत्याकडे असताना. नेलं तेव्हा तिला धरून चालवावं लागलं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तर ही बाई वॉर्डभर सगळ्यांना चहा वाटत फिरत होती आणि एका म्हातारीची वेणी घालून देत होती. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, तेव्हा म्हणाले, ती गोळ्या टाकून देत असणार. मी तिच्या कपाटात गोळ्या शोधल्या, शंका घेऊन. एकही सापडली नाही, ती नेमाने घेत होती. मग एक्कावन्नाव्या वर्षी तिची पाळी गेली आणि वर्षभरात सगळं थांबलं. सुरुवातीला आम्ही दोघंही श्वास रोखून होतो, मग सवय झाली. चर्चमध्ये म्हणाले प्रार्थनेचं फळ, नोलीन म्हणाली बागकामाचा गुण, मी म्हणालो वयाने माणूस निवळतं. तुझी आई एकदा ओसरीवर मटार सोलताना आपणहून म्हणाली, ‘आता मोजायला काही उरलं नाही, डेस.’ मला तेव्हा वाटलं ती मटारांबद्दल बोलतेय. पुढची अकरा वर्षं तू बघितलीस. पिपाला खांद्यावर घेऊन शेडभर गाणं म्हणत फिरणारी ती बाई, जिच्याबद्दल तू मला कडवटपणे म्हणालीस, ‘नातीला देतेय ते मला कधी दिलं नाही.’ ती तीच होती गं. ती आधीपासून तशीच होती. महिन्यातले वीस दिवस तरी होती.

मिरियामाने मला सोडलं नाही. सोमवारी गाडीत घालून दवाखान्यातल्या नर्सकडे नेलं. माझे कान तुला माहीत आहेत, आपण केवढ्याने बोलतो ते मला कळत नाही, त्यामुळे ‘माझ्या बायकोची पाळी’ हे शब्द बाहेर बसलेल्या निम्म्या एल्थमने ऐकले. मर्व्हची सून होती तिथे. ऐकू दे. नर्सने डायऱ्या चाळल्या, पाटी बघितली, बराच वेळ बघितली. म्हणाली, ‘हे ढोंगही नाही आणि स्वभावही नाही. काही बायकांना पाळीआधी शरीरात होणारा बदल मेंदूला सोसत नाही. कोणाला मनाचा आजार आधीपासूनच असतो आणि त्या दिवसांत तो उसळतो. दोन्हींवर उपचार आहेत. पण डॉक्टरला निदान काही महिन्यांची रोजची नोंद लागते, आणि ज्या दिवसांची नोंद हवी त्याच दिवसांत पेशंटला पेन उचलवत नाही. घरच्यांनी मदत केली तर बरं.’ ग्लेनिसने हेच सांगितलं होतं, कॅलेंडर हातात धरून. मी नर्सला विचारलं, मग माझ्या मुलीला आजवर तीन डॉक्टरांनी तीन वेगळी नावं कशी दिली? तिने विचारलं, ‘भेटीची वेळ मागितल्यावर किती दिवसांनी मिळते?’ मी म्हणालो, दोन-तीन आठवड्यांनी. ती म्हणाली, ‘म्हणजे प्रत्येकाने तिला बऱ्या दिवसांतच बघितलं.’

हे तुलाही लागू आहे की नाही, ते मी ठरवणारा कोण? मी गाईंचा माणूस. पण डायरी मी अजून लिहितो, आणि तुझे फोन तीत असतात. ‘कर्स्टीचा फोन’ असं बहुतेक वेळा. आणि कधी कधी ‘कर्स्टीचा फोन, रडली.’ मंगळवारी मिरियामा घरी गेल्यावर मी एकट्याने पाटी घेतली आणि तुझ्यासाठी निळ्या टाचण्या लावल्या. एकवीस जुलै. अठरा ऑगस्ट. पंधरा सप्टेंबर, धक्क्यावरचा तो दिवस त्याच आठवड्यातला. तेरा ऑक्टोबर. आणि तुझ्या पत्रावर तारीख आहे चौदा. त्याआधीच्या महिन्यांतही बघितलं, एखाद-दोन दिवसांचा फरक, बाकी तसंच. हे समोर असूनही परवा फोनवर माझ्या तोंडून ‘बरं’च निघालं. आता तू पुढची टाचणी लाव. तू रंगाचा डबा धरून माझ्यामागे उभी राहिलेली पोर आहेस, तुला मोजता येतं. दहा नोव्हेंबर येतो. वकिलाकडे सही बाराला आहे. तू म्हणालीस, बऱ्या मनाने ठरवलंय. ठरवलं असशील बऱ्या दिवसात, पण वाईट दिवसांना घाबरून ठरवलंस, आणि सहीही त्यांच्याच तावडीत असताना करणार आहेस. डीऑन भला माणूस आहे, मी त्याच्याशी बोललो, रागावू नकोस. तो म्हणाला, ‘मला सगळे दिवस नकोत हो, मला कर्स्टी बरी हवी. वाईट दिवसांत पिपा माझ्याकडे, बाकीचे तिच्याकडे, हे मला कधीही चालेल, पण कोणते दिवस ते आम्हाला कुठे ठाऊक होतं!’ पिपाही आठ वर्षांची आहे, कर्स्टी. तू आत्याच्या खिडकीत बसलीस तेवढीच.

तर हे पत्र लिहायचं कारण. मी येतोय. सहा तारखेला सकाळच्या धारा काढून निघेन, सातला बोटीने सामुद्रधुनी ओलांडेन, आणि आठला संध्याकाळपर्यंत डनीडिनला तुझ्या दारात असेन. आयुष्यात पहिल्यांदा तो समुद्र ओलांडतोय, तेव्हा चहा तयार ठेव आणि बोटीवर काय झालं ते विचारू नकोस. बरोबर केळ्यांची तीन खोकी असतील आणि ती पाटी. सोळा तारखेला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मुद्दाम तुझ्या वाईट दिवसांतली, डीऑनने मिळवली. सही करायचीच असेल तर एकवीसनंतर कर, मी आडवा येणार नाही, शब्द देतो. पण तोवर रोज संध्याकाळी तू मला सांगायचं, कसं वाटतंय, कितीही भयंकर असलं तरी, आणि मी लिहीन. तुला बोलता आलं नाही तर नुसती मान हलव, मी तेही लिहीन. आणि मी पोचायच्या आत कधी काही वाटलं, तर फोन कर, धारा चालू असल्या तरी उचलेन. मिरियामाला सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘ऐन गाई भरवायच्या दिवसांत? तू? तुझ्या लग्नालासुद्धा तू दुपारच्या धारांना परत आला होतास!’ मी म्हणालो, हो. मग तिने विचारलं की परत कधी येणार, ते पाटीवर लिहून ठेव. मी तिला सांगितलं की गाईंची पाटी आता तुझ्याकडे, मला दुसरी सांभाळायची आहे. पहिलं पान आज सुरू केलंय. चोवीस ऑक्टोबर. पाऊस. कर्स्टी बरी आहे.

तुझाच,
बाबा